गिटारचा पिकअप गुंडाळताना तार सारखी तुटत असेल तर : माझा अनुभव

पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा कंप टिपणारी, चुंबकाभोवती बारीक तार गुंडाळलेली कॉइल. त्यासाठी शिलाई मशीनची मोटर लावून घरीच कॉइल वाइंडर, म्हणजे तार गुंडाळायचं यंत्र, केला. स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) गिटारच्या सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपला, साधारण 8000 वेढे लागतात. माझी तार दोन-अडीच हजारांतच तुटायची. वेग कमी केला, ताण सैल केला, नवी तार आणली. चार संध्याकाळी वाया गेल्या.

दोष तार जिथून सुटते त्या रिळात होता. बॉबिन (पिकअपची चौकट, जिच्यावर तार गुंडाळायची) लांबट, म्हणून प्रत्येक फेऱ्यात तार दोनदा जोरात ओढली जाते. आडव्या दांड्यावर फिरणारं जड रीळ तेवढ्या पटकन वेग बदलू शकत नाही, आणि झटका तारेला बसतो.

आधी रीळ जमिनीवर उभं ठेवलं, अजिबात न फिरणारं. त्याची वरची कड बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत बारीक पॉलिश पेपरने घासली. मग तार सरळ वर, मीटरभर उंचीवरच्या वाइंडरकडे नेली. चिमटीत फेल्टचा तुकडा धरून ताण फक्त तिथेच दिला. शेवटी बॉबिनच्या कडाही घासल्या.

पहिल्याच खेपेला 8000 वेढे पूर्ण, मल्टिमीटरवर कॉइलचा रोध 5.9 किलोओम.

तार घेताना मात्र जाडी मिलिमीटरमध्येच सांगा: 0.063. अमेरिकन मापातली 42 गेज (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक) म्हणजे हीच. ब्रिटिश मापातली 42 गेज 0.1 मिमी भरते.