तोडीचे दिवस आणि बिबट्याची नजर

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पुणे जिल्ह्यातल्या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचा आडोसा रोज थोडा थोडा कमी होतो. कुकडी-घोड नद्यांच्या कालव्यांनी आपल्याकडे ऊस आणला, आणि उसाने त्याला घर दिलं. उसाच्या फडातच (शेतातच) जन्मलेल्या बिबट्याला जंगल ठाऊक नसतं. त्यामुळे तो आपल्या रानात आहेच असं धरून चाला.

बिबट्या लांबवर पाठलाग करत नाही. आडोशाने, पोट जमिनीला लावून तो अगदी जवळ येतो, मग दोन-चार झेपा आणि थेट गळा. स्वतःला जखम झाली तर पुढची शिकार हुकणार, म्हणून तो भलताच हिशेबी. साधारण १० ते ४० किलोचं जनावर त्याच्या सोयीचं: शेळी, मेंढी, कुत्रं, वासरू. थोराड म्हशीच्या वाटेला सहसा जात नाही. तिच्याशेजारचं रेडकू मात्र उचलतो. त्यातही कडेला बांधलेलं, एकटं, पाठमोरं आधी.

हेच गणित माणसाला लावून बघा. उभा माणूस त्याला सावज वाटत नाही; खाली बसलेला किंवा लहान मूल वाटू शकतं. सध्या कांद्याची लागण चालू आहे. बाया दिवसभर उकिडव्या, पाठ उसाकडे, आणि ऊस चार हातांवर! उसालगतचे वाफे भर दुपारी उरकावेत आणि तोंड उसाकडे ठेवावं. एकाने उभं राहून लक्ष ठेवावं, मग मुकादम काहीही म्हणो. तोडकऱ्यांच्या कोप्या (झोपड्या) फडाला चिकटून नकोत. पोरांना बांधावर झोळीत एकटं ठेवू नका. अंधारात परसाकडे जाणाऱ्या बाईबरोबर दुसरी बाई हवी.

मोटारीची लाइट रात्री असली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावंच लागतं, तिथे उपदेश कामाचा नाही. दोघं जा, बॅटरी आणि काठी घ्या, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा. चुकून समोर आलाच तर पळू नका, वाकू नका. हात वर करून ओरडा आणि त्याच्याकडे तोंड ठेवूनच मागे सरका.

गोठ्याचं सांगायचं तर आधी माझी चूक ऐका. मी तिन्ही बाजूंनी जाळी मारली, दाराला कडी केली, वर मात्र पाचटच (उसाचा वाळला पाला) ठेवलं. बिबट्या वरून उतरला. कोंडलेल्या शेळ्यांना पळायला जागा नसते, म्हणून एक मारून तो थांबत नाही. माझ्या तीन गेल्या. तेव्हा वरूनही जाळी हवी, आणि दाराखाली पंजा शिरेल एवढी फट नको. धनगरांनी नुसत्या वाघुरीवर (मेंढ्यांभोवती लावायच्या जाळीवर) भिस्त ठेवू नये. कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असू द्या.

तोड वस्तीच्या बाजूने सुरू करा, म्हणजे तो पलीकडे निघून जाईल. शेवटचा पट्टा चारी बाजूंनी घेरू नका. बछडे सापडले तर हात लावू नका, फोटोंसाठी गर्दी तर नकोच. काम थांबवून वनविभागाला १९२६ वर कळवा. मादी बहुधा रात्री परत येऊन त्यांना उचलून नेते. बछडे हलवले तर ती तिथेच घिरट्या घालते, तीही चिडलेली.

जनावर मारलं गेलं तर ते पंचनाम्याआधी हलवू नका. वनविभागाला ४८ तासांच्या आत खबर द्या, नाहीतर भरपाई अडते.