ख्रिसमसचा वेडपट हॉरर वन-शॉट रचताना या चुका टाळा

ख्रिसमसच्या सुट्टीत एका बैठकीत संपणारा (म्हणजेच वन-शॉट) हॉरर रोल-प्लेइंग गेम टेबलवर चालवायचा, हिरो थेट विसाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या लेव्हलचे द्यायचे आणि सगळं जरा वेडपटच ठेवायचं, हा बेत ऐकायला झकास वाटतो. टेबलवर मात्र तो दोनपैकी एका ठिकाणी हमखास रुततो. एकतर भीती औषधालाही उरत नाही, कारण भुताने तोंड उघडायच्या आत विझार्डने (जादूगार हिरोने) त्याचा निकाल लावलेला असतो. नाहीतर हसू आटतं, कारण घाबरवण्याच्या नादात डीएमने (गेम चालवणाऱ्याने) हिरोंचे हातपाय बांधून टाकलेले असतात. दोन्हींचं मूळ एकच: भीती अजूनही ‘हिरो मरेल का?’ या प्रश्नात शोधली जाते. विसाव्या लेव्हलला या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. मेला तर साथीदार उठवतील.

पुढची उदाहरणं डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतली आहेत. तुमची सिस्टिम वेगळी असली तरी हिरो अतिबलाढ्य असतील तर दुखणी हीच.

भीतीचं काम फाशांवर सोपवणं

भूत आलं की सगळ्यांना विस्डमचा सेव्हिंग थ्रो (संकट टाळता येतं का हे ठरवणारा फासा) करायला लावायचा, ही बहुतेकांची सवय. या लेव्हलला तो थ्रो म्हणजे निव्वळ उपचार. पॅलाडिन (पवित्र योद्धा) शुद्धीवर असला तर दहाव्या लेव्हलपासूनच त्याच्या १० फुटांतले साथीदार ‘फ्रायटन्ड’, म्हणजे नियमांच्या भाषेत भयभीत, होऊ शकत नाहीत. निघण्याआधी क्लेरिकने (पुजाऱ्याने) हीरोज फीस्ट या स्पेलची (मंत्राची) पंगत मांडली असेल, तर १२ जणांना पुढचे २४ तास तीच सवलत. शीटवरची, म्हणजे पात्राच्या नोंदींच्या कागदावरची, भीती संपली आहे हे मान्य करा. आता घाबरवायचं ते खुर्चीत बसलेल्या माणसाला, आणि त्यासाठी आकडे लागत नाहीत. ‘ड्रेड’ नावाच्या हॉरर गेममध्ये तर फासेच नाहीत. जेंगाच्या मनोऱ्यातून ठोकळा ओढायचा; मनोरा कोसळला की तुमचं पात्र गेलं. तिथे हात थरथरतो तो खेळाडूचा.

खेळाडूला घाबरवायचं तर नियम पाळणारं भूत आणा. हिट पॉइंट्सवर (जीव किती उरला ते मोजणाऱ्या गुणांवर) चालणाऱ्या भुताला हिरो बडवू शकतात, नियमावर चालणाऱ्या भुतापुढे त्यांना विचार करावा लागतो. युरोपातल्या ख्रिसमसच्या लोककथा अशा भुतांनी भरलेल्या आहेत आणि त्यातली बरीचशी मुळातच अर्धी विनोदी आहेत.

आइसलंडची यूल कॅट घ्या. ख्रिसमसच्या आधी ज्याला नवे कपडे मिळाले नाहीत, त्याला ही अवाढव्य मांजर खाते. आता तुमच्या हिरोंकडे बघा. +३ चिलखत, पूर्वजांची ढाल, ड्रॅगनच्या कातड्याचे बूट, सगळं कसं पिढीजात आणि जुनं! मांजर छपरांवरून वाकून एकेकाला हुंगते आहे, आणि अख्ख्या गावात नवं वस्त्र एकच: एका आजीने विणलेला, एक बाही लांब आणि एक आखूड असलेला लोकरीचा स्वेटर. सैतानांच्या फौजा कापून काढलेला फायटर आजीच्या पायाशी बसून ‘जरा हात चालवा ना’ म्हणतो, तेव्हा टेबल हसतंही आणि छपरावरची पावलंही ऐकतं. मी हा प्रसंग कुठल्याही ड्रॅगनपेक्षा वर ठेवेन.

वेल्समधली मारी लुइड म्हणजे काठीवर बसवलेली घोड्याची कवटी आणि खाली चादर पांघरलेला माणूस. ती दाराशी येऊन गाण्यात आव्हान देते, आतल्यांनी काव्यातच उत्तर द्यायचं, आणि घरचे हरले की मंडळींना आत घेऊन खाऊपिऊ घालायचं. मूळ प्रथा आनंदाची आहे. तुमच्या गेममध्ये चादरीखाली माणूस नाही, एवढाच बदल पुरे. दाराला लावलेली मंत्राची कुलपं तिला अडवत नाहीत, अडवतं ते फक्त यमक. मोबाइलवर ३० सेकंदांचा टायमर लावा आणि नवव्या, म्हणजे स्पेलच्या सर्वांत वरच्या लेव्हलचे स्पेल टाकणाऱ्या मोठ्या माणसांना यमक शोधताना बघा.

आइसलंडचेच १३ यूल लॅड्स ख्रिसमसपूर्वीच्या १३ रात्रींत एकेक करून येतात. एक दारं आपटतो, एक खिडकीतून डोकावतो, एक चमचे चाटतो. चमचे चाटणारा म्हटलं की टेबलवर हशा पिकणारच, पिकू द्या. दहा मिनिटांनी कुणीतरी आपल्या कुलूपबंद पेटीतून चमचा काढेल, तो ओला निघू द्या.

क्राम्पस या ख्रिसमसच्या राक्षसाचा मोह मात्र आवरा. शिंगं, साखळ्या, लांबलचक जीभ, चित्रात तो भारीच दिसतो. टेबलवर आला की मात्र तो हाणामारीचा राक्षस होऊन बसतो आणि हाणामारीत तुमचे हिरो जिंकणारच.

शक्ती काढून घेणं

‘या गावात टेलिपोर्ट चालत नाही.’ ‘विश आज बंद.’ ‘अँटीमॅजिक फील्ड आहे, सॉरी.’ टेलिपोर्ट म्हणजे क्षणात दुसरीकडे जाणं, विश म्हणजे मागाल ते घडवणारा स्पेल. विसाव्या लेव्हलचं आमंत्रण देऊन दारातच हत्यारं जमा करून घेतलीत तर खेळाडूंचा विरस होणार. शक्ती राहू द्या, तिची किंमत लावा.

यासाठी अ‍ॅडव्हेंट कॅलेंडरसारखी सोय नाही. १ ते २४ आकड्यांच्या छोट्या खिडक्या असलेला पुठ्ठा टेबलच्या मधोमध उभा करा. सहाव्या किंवा वरच्या लेव्हलचा प्रत्येक स्पेल पडला की एक खिडकी उघडायची, नवव्या लेव्हलच्या स्पेलला तीन. खिडकीमागे काय आहे ते तुम्ही आधी लिहून ठेवलेलं असतं. सुरुवातीला निरुपद्रवी: एक चॉकलेट, गावभर वाजणारी घंटा, छतातून पडलेला मोजा. मग गावातल्या प्रत्येक स्नोमॅनचं तोंड हिरोंकडे वळतं. मग जिंजरब्रेडचा (आल्याच्या बिस्किटाचा) माणूस आपला तुटलेला पाय हातात धरून येतो आणि शांतपणे विचारतो, ‘हा कुणी खाल्ला?’ चोविसाव्या खिडकीमागे बॉस. अख्खं २४ खिडक्यांचं कॅलेंडर एका बैठकीत संपत नाही, म्हणून ते कोरं घेऊ नका. सुरू करतानाच पहिल्या १० खिडक्या उघड्या ठेवा आणि त्या कुणी उघडल्या हे सांगू नका.

यात गंमत अशी की स्पेल अडवणारा डीएम नसतो. विझार्ड हात वर करतो, कॅलेंडरकडे बघतो आणि हळूच म्हणतो, ‘थांबा, आधी नुसतं दार उघडून बघू.’ हॉररमध्ये याहून जास्त काय हवं?

किंमत लावायचा दुसरा मार्ग म्हणजे गर्दी. मिटिओर स्वॉर्म हा उल्कावर्षावाचा स्पेल चार ठिकाणी प्रत्येकी ४० फूट त्रिज्येत आगीचे २० आणि आघाताचे २० सहा बाजूंचे फासे टाकतो, म्हणजे सरासरी १४० डॅमेज. नियमपुस्तकातल्या सामान्य गावकऱ्याचे हिट पॉइंट्स ४. सेव्हिंग थ्रो जमला तरी बिचाऱ्याचा कोळसाच. भूत चौकात, पोरांच्या गाणाऱ्या घोळक्याच्या मधोमध उभं करा, म्हणजे हिरोंना स्वतःचीच भीती वाटू लागेल.

सगळंच विनोदी करणं

वेडपट गेम म्हणून भूतही विनोद करतं, गावकरीही कोट्या करतात, डीएम प्रत्येक वर्णनाच्या शेवटी स्वतःच हसतो. अर्ध्या तासात खेळाडूंना करायला काही उरत नाही, ते नुसते प्रेक्षक होतात. विनोद हे त्यांचं खातं आहे. तुमच्या बाजूने जे जे येतं ते ठार गंभीर ठेवा. रेनडिअरचा सांगाडा नाकावर लाल दिवा घेऊन आला तरी त्याच्या दृष्टीने ते पवित्र कर्तव्य आहे. भेटवस्तूंची यादी सांभाळणारा खलनायक खरोखर मानतो की यादीबाहेरची माणसं असायलाच नकोत. परिस्थिती हास्यास्पद आणि तिच्यातले रहिवासी पूर्ण प्रामाणिक, अशी जोडी ठेवलीत की हसू आणि काटा एकाच वाक्यावर येतो.

खेळाडूंना विनोदाला खाद्य म्हणून प्रत्येक शीटवर एकच ओळ लिहा: या हिरोला ख्रिसमसला काय हवं आहे आणि ते आजवर का मिळालं नाही. ‘देवांशी बोलणं होतं, पण बहीण बोलत नाही.’ ‘आयुष्यात एकदाही भेट मिळालेली नाही.’ विसाव्या लेव्हलच्या माणसाला दुखवायचं तर तलवारीपेक्षा ही ओळ जास्त कामाची.

शीट आणि घड्याळ

विसाव्या लेव्हलच्या विझार्डकडे २२ स्पेल स्लॉट (स्पेल टाकण्याच्या संधी) असतात. आयत्या वेळी ही शीट कुणाच्या हाती दिलीत तर पहिला तास वाचण्यात जातो. पात्रं तुम्हीच तयार करा आणि प्रत्येकाला एकच पान द्या, मोठ्या अक्षरांत सहा-सात भन्नाट गोष्टी, बाकीचं पानामागे. नवखे जास्त असतील तर अकरावी ते तेरावी लेव्हल बघा. शक्तीचा माज तेवढाच, कागद निम्मा.

चार तासांच्या बैठकीत तीन प्रसंग आणि शेवट, याहून जास्त बसत नाही. सरायखान्यात ओळखपाळख, बाजारहाट, मोहिमेचा मोबदला ठरवणं, सगळं कापा. पहिलं वाक्यच असं हवं की दारावर आधीच थाप पडते आहे.

बॉस पहिल्याच राउंडमध्ये मेला

हा पचका सर्वांत जास्त होतो. पाच हिरो म्हणजे बॉसच्या एका टर्नमागे त्यांच्या पाच. लेजंडरी रेझिस्टन्स (बॉसचा फसलेला सेव्हिंग थ्रो जमवून देणारी सोय) बहुधा दिवसाला तीन, आणि २०१४ च्या नियमांतल्या फोर्सकेज या पिंजऱ्याच्या स्पेलला तर पकडताना सेव्हिंग थ्रोही नाही. टेलिपोर्ट येत नसेल तर बॉस तासभर पिंजऱ्यात. हिट पॉइंट्स गुपचूप वाढवत राहणं हा उपाय खेळाडूंच्या लगेच लक्षात येतो आणि विश्वास जातो.

त्यापेक्षा मरणालाच शेवटाची सुरुवात करा. यादी सांभाळणारा मेला की त्याने गावात वाटलेली प्रत्येक भेट एकदम उघडते. ५० घरं, ५० खोकी. काहींत खेळणी आहेत, काहींत गेल्या वर्षी ‘हरवलेली’ माणसं, काहींत त्यांना हरवणारी गोष्ट. आता हिरोंना कुठल्या घरी आधी धावायचं ते ठरवायचं आहे, आणि इथे टेलिपोर्टपासून विशपर्यंत सगळं कामाला येतं. पहिल्या राउंडमध्ये मारलात? शाबास, पूर्ण ताकदीनिशी पुढच्या संकटात आलात. दहा राउंड लागले? तरी तेच संकट, फक्त दमलेले हिरो. फोर्सकेजमध्ये कोंडलात तर तो शांतपणे आतूनच यादी वाचत राहतो, आणि वाचलेल्या प्रत्येक नावाच्या घरातलं खोकं उघडतं.

आधी न विचारणं

हलकाफुलका गेम आहे, विचारायचं काय, असं वाटतं. पण ख्रिसमसच्या हॉररमध्ये घर, आईवडील, लहान मुलं, दारू, यंदा टेबलवर नसलेलं माणूस हे सगळं न बोलावता येतं. आमंत्रणातच दोन ओळी लिहा: काय अजिबात नको, आणि काय पडद्याआड चालेल. टेबलवर जॉन स्टाव्हरोपोलस यांनी मांडलेलं एक्स-कार्ड ठेवा. कुणी त्याला हात लावला की तो भाग तिथेच कापायचा, कारण विचारायचं नाही. मुलं धोक्यात असली तर त्यांना खेळणी करून टाकणं चालतं, रक्तबंबाळ करणं वेडपटपणात बसत नाही.

ऐनवेळी गाडी अडली तर

सगळे नुसतेच खिदळत असतील तर मोठा राक्षस आणू नका. आवाज खाली आणा आणि एकाच खेळाडूला चिठ्ठी द्या: ‘तुझ्या सावलीच्या हातात भेटवस्तू आहे. कुणाला सांगायचं की नाही, तू ठरव.’ खोली आपोआप शांत होते.

उलट सगळे फारच गंभीर झाले, प्रत्येक फरशी तपासत बसले, तर जिंजरब्रेडवाल्याला परत आणा. या वेळी तो दुसरा पाय शोधतो आहे.

हिरो वैतागून टेलिपोर्टने दुसऱ्या शहरात निघून गेले तर अडवू नका. तिथेही आज ख्रिसमसचीच रात्र आहे. सरायखान्याच्या खोलीत उशीवर पाच खोकी ठेवलेली आहेत, प्रत्येकावर बरोबर नाव आहे आणि अक्षर गावातल्या यादीतलंच आहे.

एकटा विझार्डच सगळं सोडवत असेल तर प्रश्न त्याच्या शीटबाहेरचे विचारा. यमक, विणकाम, लहान मुलाची समजूत काढणं, म्हातारीला कुठलं गाणं आवडतं ते आठवणं. बार्बेरियनला लोकरीच्या सुया देऊन बघा.

आणि घड्याळात ४० मिनिटं उरली असताना तुम्ही अजून दुसऱ्याच प्रसंगात असाल, तर तिसरा फेकून द्या. तो होता हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. पुढचा कुठलाही स्पेल पडला की कॅलेंडर वाऱ्याने खाली पडलं असं सांगा, उरलेल्या सगळ्या खिडक्या एकदम उघडा आणि थेट चोवीसवर जा.