पट्टी गेली, पण उरलेल्या जागेचे काय?

रस्ता रुंदीकरणासाठी माझ्या ६०० चौरस मीटरच्या भूखंडातून दर्शनी बाजूची ८० चौरस मीटर जागा संपादित होणार असल्याची नोटीस आली, तेव्हा तिच्यातील हिशेब क्षेत्रफळ गुणिले दर एवढ्यावरच थांबला होता. दर तसा वाजवी होता आणि मीही सुरुवातीला त्यावरूनच वाद घालण्यात एक महिना वाया घालवला.

मोजणीदाराने व्हरांड्याच्या दुसऱ्या पायरीवर लाल रंगाची खूण केली, तेव्हा कुठे खरे नुकसान दिसले. फाटक, कुंपणाची भिंत आणि गाडी उभी करण्याची जागा तर जाणारच होती. शिवाय घर थेट रस्त्याला भिडल्यामुळे पुढे वाढीव बांधकामाची परवानगी मिळणेही अवघड झाले असते. म्हणून मी स्वतंत्र मूल्यांककाकडून संपूर्ण मालमत्तेचे संपादनापूर्वीचे मूल्य आणि उरलेल्या भागाचे संपादनानंतरचे मूल्य काढून घेतले. या दोहोंतील फरक म्हणजेच माझे नुकसान, आणि तो पट्टीच्या किमतीपेक्षा बराच जास्त निघाला.

मुदतीच्या आत लेखी हरकत दिली, सोबत दोन्ही नकाशे, तारखेसह छायाचित्रे आणि भिंत पुन्हा बांधण्याचे अंदाजपत्रक जोडले. देऊ केलेली रक्कम मात्र नाकारली नाही. ‘हक्क राखून स्वीकारली’ असे लिहूनच पावतीवर सही केली, कारण तो शेरा नसता तर पुढची मागणीच संपली असती. सुनावणीत उरलेल्या जागेचे घटलेले मूल्य आणि भिंतीचा खर्च मान्य झाला. धुळीचा आणि गोंगाटाचा मुद्दा मात्र फेटाळला गेला.