धरणाखालची नदी कशी तपासावी

धरणाखाली पाणी दिसले म्हणजे नदी ठीक आहे, असे धरू नका. गोव्यातले साळावली धरण असो, अंजुणे असो की गावातला साधा बंधारा, माशांचे जगणे पाणी कधी येते, कुठल्या थरातून येते आणि किती झपाट्याने ओसरते यावर ठरते. तपासायचे तेही हेच.

जागा तीन ठरवा. पहिली जलाशयाच्या वर, जिथे नदी अजून वाहती आहे. दुसरी धरणाखालच्या पहिल्या खडकाळ धारेत. तिसरी त्याहून खाली, एखादा मोठा व्हाळ (ओढा) येऊन मिळाल्यावर. वरची जागा वगळली तर खालचे आकडे कशाशी ताडणार? नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे अशा निदान तीन फेऱ्या करा, त्याही सूर्योदयाच्या सुमारास. रात्रभर पाण्यातला प्राणवायू वापरला जातो, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. दुपारचा आकडा फसवा.

पाणी कुठून सोडले आहे ते आधी विचारून घ्या. साळावलीच्या डकबिल सांडव्यावरून पडणारे पाणी वरच्या थरातले, उबदार आणि हवा मिसळलेले असते. तळाजवळच्या विमोचकातून (पाणी सोडायच्या दारातून) आलेले पाणी गार असते आणि उन्हाळ्यात त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला किंवा दगडांवर तांबूस-काळा थर दिसला, तर समजा की तळातले लोह आणि मँगनीज विरघळून आले आणि हवा लागताच दगडांवर बसले. दगडांखाली राहणारे किडे त्या थराने गुदमरतात.

प्राणवायू मोजायला ३०० मिलीची बाटली बुडबुडा न राहू देता पाण्याखालीच भरा. पिपेटचे टोक पाण्यात बुडवून २ मिली मँगनीज सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडा, बूच लावून बाटली पंधरा वेळा उलटीपालटी करा. साका (तळाशी बसणारा गाळ) तपकिरी आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर नाही. साका खाली बसल्यावर २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला, हातमोजे घालूनच. मग त्यातल्या २०० मिली पाण्यात ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडा, शेवटी स्टार्च घाला आणि निळा रंग जाईपर्यंत सोडत राहा. जितके मिली थायोसल्फेट लागले, तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू. ४ च्या खाली गेले तर मासे संकटात आहेत. पाण्याला अंड्याचा वास असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, म्हणून वासाची नोंद शेजारीच करा.

किडे तर महिनोन्‌महिन्यांची हकीगत सांगतात. अर्धा मिलिमीटर छिद्रांची जाळी प्रवाहाला आडवी धरा, तिच्या वरच्या बाजूचे दगड पायाने तीन मिनिटे हलवा, जाळीत आलेले पांढऱ्या ताटात ओता. वरच्या जागी मेफ्लाय, कॅडिसफ्लाय या स्वच्छ पाण्यातल्या किड्यांची पिल्ले भरपूर आणि धरणाखाली नुसत्या लाल अळ्या, असे दिसले तर बिघाड धरणाखालीच आहे.

पातळीसाठी पट्टी रोवा आणि पाणी सोडायच्या व बंद करायच्या दिवशी दर तासाला वाचा. तासाला पाच सेंटिमीटरपेक्षा वेगाने उतरली तर डबक्यांत अडकलेली पिल्ले शोधा. पाणी हळूहळू बंद करण्याची मागणी करायला ही नोंद लागते.

भरतीच्या पट्ट्यात खारेपणा मोजा. उन्हाळ्यात वरून गोडे पाणी कमी आले की मांडवी, झुआरी, शापोरात खारे पाणी अधिक आत शिरते. तिळारीचेच पाणी पुढे शापोरा होऊन वाहते. पावसाळ्यात गोडे पाणी वर आणि खारे खाली असे थर पडतात, म्हणून वरचा आणि तळाचा असे दोन्ही नमुने घ्या, रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचे उपकरण) आधी ऊर्ध्वपातित पाण्याने शून्यावर आणा. फेऱ्यांची तुलना करताना तारखेपेक्षा तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीचा भांग (कमी भरती-ओहोटी) यांतले आकडे एकत्र केले की सगळेच बिनकामाचे होतात. तिसऱ्या या शिंपल्यांना खारेपणाचा अचानक बदल सोसत नाही.

चोणक हा मासा अंडी घालायला मुखाकडे उतरतो आणि त्याची पिल्ले वर येतात. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या पिल्लांनाही वाढायला मचूळ पाणी हवे असते. बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या लावून ठेवल्या की दोघांची वाट बंद. चढणीचे मासे पहिल्याच मोठ्या पावसात निघतात, तेव्हा फळ्या त्याआधी निघालेल्या हव्यात. सगळ्या एकदम काढल्यास साठलेला काळा गाळ एका लोंढ्यात खाली जातो. वरून एकेक काढा, दोन फळ्यांमध्ये एक दिवस जाऊ द्या. बंधारा कायमचा असेल तर एका बाजूला दगडांच्या पायऱ्या करून घ्या: प्रत्येक पायरीची उंची १५ सेंटिमीटरच्या आत, पायरीखालचे डबके निदान ४५ सेंटिमीटर खोल, नाहीतर माशाला उडी मारायला जोर मिळत नाही.