रविवारची उपासना सोमवारच्या धावपळीत कशी जगायची

सर्वांना सलाम. आमच्या तरुण संघातली पोरं नेहमी विचारतात की उपासना, प्रार्थना, शास्त्रपाठ हे सगळं कळतं हो, पण सोमवारी सकाळी पाणी भरायचं, डबे करायचे, बस पकडायची, त्यात ख्रिस्ती म्हणून वेगळं करायचं काय? माझं सरळ म्हणणं आहे की दया उरलेल्या वेळात होत नाही. तिच्यासाठी वेळ आणि पैसा आधीच बाजूला काढावा लागतो, आणि तो काढायचा म्हणजे दुसरं काहीतरी कमी करावं लागतं, मग ते कधीकधी मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, काम का असेना.

सुरुवात पैशापासून करा. बायबलमधे लेवीय 19:13 मधे मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नका असं सांगितलंय, आणि याकोब 5:4 मधे तर थकवलेली मजुरीच ओरडते. म्हणजे दानाच्या आधी कुणाचं थकलेलं देणं फेडणं येतं. धुणंभांडी करणाऱ्या मावशी, इस्त्रीवाले, दूधवाले यांचे पैसे 1 तारखेला, न मागता द्यायचे, आणि आपण पंधरा दिवस गावाला गेलो म्हणून मावशींचा पगार कापायचा नाही, कारण त्यांचं घरभाडं काही पंधरा दिवस थांबत नाही. दशांश, म्हणजे देवाला द्यायचा कमाईचा दहावा भाग, वेळेवर आणि मावशींचे पैसे बाकी, असं आपल्या घरात असेल तर आधी ते नीट करा.

मग एक डबा ठेवा. मिझोराममधल्या मंडळ्यांत 1910 पासून एक पद्धत आहे, बुहफाई थम म्हणतात, भात शिजवायच्या आधी बाई त्यातला मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवते, मग तो मंडळीत जमा होतो, विकला जातो आणि त्या पैशातून प्रभूचं काम चालतं. मला हे फार आवडतं कारण यात श्रीमंत असायची गरजच नाही, फक्त शिजवायच्या *आधी* काढायचं. आपल्याकडे तांदूळ नको तर रोज 20 रुपये टाका, महिन्याचे 600 होतात, कुणाच्या गोळ्या, कुणाच्या पोराच्या वह्या एवढ्यात सहज निघतात. कुणी उसने मागितले तर परत आले नाहीत तरी आपल्याला राग येणार नाही एवढेच द्या, म्हणजे पैसेही जातात आणि माणूसही जातो असं होत नाही. आणि देताना फोटो काढू नका, मत्तय 6:3 मधे डाव्या हातालासुद्धा कळू देऊ नका म्हटलंय.

आता आजाऱ्याला भेटणं. मत्तय 25 मधे आजाऱ्याला भेटणं म्हणजे येशूलाच भेटणं असं म्हटलंय म्हणून आपण सगळे जातो, पण कसं जायचं हे कुणी शिकवत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी फोन करून "येऊ का, काय आणू?" असं विचारा. सरकारी दवाखान्यात अचानक ॲडमिट झालेल्या माणसाकडे बऱ्याचदा प्लास्टिकचा मग, साबण, जादा चादर, चार्जर यातलं काहीच नसतं, ते न्या, फळांची पिशवी सगळेच आणतात. पंधरा मिनिटांत उठा. "माझ्या काकांना पण हेच झालं होतं, ते गेले" असलं काही बोलू नका, हे खरंच लोक बोलतात. प्रार्थना करायची तर पेशंटला विचारून, हळू आवाजात करा, शेजारच्या बेडवर पण कुणी झोपलेलं असतं. आणि सगळ्यात जास्त मदत पेशंटला नाही तर त्याच्यासोबत तीन रात्री खुर्चीवर बसलेल्या माणसाला लागते. त्याला म्हणा, मी दोन तास बसते, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या, जेवून या.

यात एक पथ्य पाळा, मदतीच्या बदल्यात कुणी चर्चमधे यावं अशी अट मनातसुद्धा ठेवू नका. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले, त्या माणसाला तू कोण, कुठला हे विचारल्याचं लूक 10 मधे कुठेच नाही.

आधी काय आणि नंतर काय हे मी स्वतः चूक करून शिकले. एक वर्ष असं होतं की मंगळवारी कॉटेज मीटिंग (कुणाच्या तरी घरी होणारी प्रार्थना), गुरुवारी महिला मंडळ, शनिवारी गाण्याची प्रॅक्टिस, आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. संध्याकाळचे थेंब कितीतरी वेळा रात्री दहाला पडले आणि ती कधी बोलली नाही. नंतर मार्क 7 वाचताना अंगावर काटा आला, तिथे येशू अशाच लोकांना बोलतोय जे आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलंय म्हणून मोकळे होतात. तेव्हापासून मी महिन्याच्या सुरुवातीला कॅलेंडरवर आधी घरातल्यांच्या वेळा लिहिते, मग एक संध्याकाळ कुणा एकट्या राहणाऱ्या माणसासाठी मोकळी ठेवते, आणि मग मीटिंगा. जागा उरली नाही तर पाळकसाहेबांना सरळ "या महिन्यात जमणार नाही" असं सांगते. येशूच्या प्रेषितांनी पण प्रेषितांची कृत्ये 6 मधे विधवांच्या जेवणाचं काम सात जणांना वाटून दिलं होतं, सगळं एकट्याने ओढायचं असं वचनात कुठे आहे?

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघून या कधीतरी. 1896-97 च्या दुष्काळातल्या निराधार मुलींना त्यांनी आसरा दिला आणि नुसतं जेवू घातलं नाही, शिक्षण दिलं, विणकाम, छपाई अशी हाताला कामं शिकवली. आपण कुणाला पुन्हापुन्हा पैसे देत असू तर तेच बघायचं, की याला काम मिळायला काय लागेल, बायोडेटा लिहून देऊ का, कुणाला फोन करू का.

शेवटचं आणि मला सगळ्यात जड जाणारं. मत्तय 5:23-24 प्रमाणे भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करायला जायचं. मी शनिवारी रात्री बसून आठवते की या आठवड्यात कुणाला लागेल असं बोलले, जाऊबाई, ऑफिसमधलं कुणी, आणि तेव्हाच फोन लावते. कारणं सांगायची नाहीत, "तुझं पण चुकलं" हे तर नाहीच, फक्त "मी बोलले ते चुकीचं होतं, माफ कर" एवढंच. व्हॉट्सॲपवर लिहू नका, आवाज ऐकू जाऊ दे. फोन उचलला नाही तर उपासनेहून आल्यावर परत लावा.