कुत्र्याला क्लिनिकल मसाजला नेताय? या चुका टाळा

झिपरीचं पहिलं क्लिनिकल मसाज सेशन, म्हणजे दुखण्यावर उपाय म्हणून थेरपिस्टकडून करून घेतलेला मसाज, माझ्या मते छान चाललं होतं. नऊ वर्षांची कुत्री, डाव्या खुब्यात संधिवात. उठताना आधी पुढचं अंग उचलायची आणि मग मागचं ओढून वर घ्यायची. मी गादीवर तिच्या तोंडाशी बसले होते. एका हातात पट्टा धरलेला, दुसऱ्या हाताने खाऊचे तुकडे एकामागून एक चालू. वीस मिनिटं ती जागची हलली नाही. मग थेरपिस्टनी हात उचलले आणि म्हणाल्या, "खाऊ जरा मागे ठेवा, आणि पट्टा सोडा." मी सोडला. झिपरी उठली आणि सरळ दाराशी जाऊन उभी राहिली.

तयारी म्हणजे कुत्र्याला शांत धरून ठेवणं, असंच मी तोवर समजत होते. पण मसाज करणाऱ्याला सगळी माहिती कुत्र्याच्या अंगातूनच मिळते: हात कुठे लागल्यावर स्नायू आखडतो, कुठे कातडी थरथरते, कुठे श्वास अडतो. ही माहिती झाकली जाईल असं आपण जे काही करतो, त्याने सेशन बिघडतं. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ तेच आहे.

निदान न करता थेट मसाजला नेणं

लंगडणं हे लक्षण आहे. त्यामागे पंजात रुतलेला काटा असू शकतो, गुडघ्याचा फाटलेला अस्थिबंध असू शकतो, मणक्यातली सरकलेली चकती किंवा हाडातली गाठसुद्धा असू शकते. वरून हे सगळं सारखंच दिसतं. म्हणून आधी पशुवैद्यांची तपासणी, मग मसाज. ब्रिटनमध्ये तर दुखणाऱ्या प्राण्यावर अशी थेरपी करायची असेल तर आधी पशुवैद्यांनी त्याला तपासलेलं असावं, असा नियमच आहे. तुमच्याकडे नियम असो वा नसो, जो थेरपिस्ट डॉक्टरांचे कागद न मागता थेट हात लावतो, त्याच्याकडे मी कुत्रा देणार नाही.

ताप असेल तर सेशन पुढे ढकला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच, त्यामुळे हाताला अंग गरम लागलं यावरून अंदाज बांधू नका, थर्मामीटर वापरा. उघडी जखम, त्वचेचा संसर्ग, ताजी सूज, उलट्या-जुलाब, न जुळलेलं हाड, रक्त न गोठण्याचा आजार, यातलं काही असेल तरी तेच. गाठ, कर्करोग, गाभणपण किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय नको.

आणखी एक अपेक्षा आधीच मनातून काढायला हवी. मसाजने झिजलेला सांधा भरून येत नाही. हलका होतो तो त्या सांध्याला सांभाळून घेताना स्नायूंवर पडलेला भार. निरोगी कुत्रासुद्धा उभा असताना साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर पेलतो. मागे दुखायला लागलं की तो आणखी पुढे झुकतो. शिवाय कुत्र्याचे पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेले नसतात, छाती त्या दोन पायांच्या मध्ये फक्त स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. त्यामुळे दुखणं खुब्याचं आणि आखडलेले खांदे नि मान, हे सर्रास दिसतं. थेरपिस्ट "चुकीच्या" ठिकाणी काम करतायत असं वाटलं तर मध्येच "अहो, मागचा पाय" म्हणून हात धरू नका. झिपरीच्या बाबतीत पहिली दोन सेशनं जवळजवळ पूर्ण खांद्यांवरच गेली.

औषधांशी आपल्या मनाने खेळणं

"आज मसाज आहे, तर गोळी नको द्यायला" किंवा उलट "आज जरा एक जास्त देऊ, म्हणजे दुखणार नाही." दोन्ही चूक. नेहमीची गोळी नेहमीच्या वेळीच द्या आणि ती किती वाजता दिली हे थेरपिस्टना सांगा. वेदनाशामकाचा अंमल असताना कुत्रा एरवी सहन करणार नाही इतका दाब सहन करतो, मग दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं. आणि माणसांच्या गोळ्या तर कधीच नकोत. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते. "अर्धीच दिली" म्हणून ती सुरक्षित ठरत नाही.

"दमवून नेलं की शांत राहील"

ही कल्पना लोकांच्या डोक्यात घट्ट बसलेली आहे. पाऊण तास चेंडू फेकून, धापा टाकत असलेला कुत्रा घेऊन पोहोचायचं. दमलेला स्नायू आणि आखडलेला स्नायू हाताला वेगळा कळत नाही, धापांमुळे अस्वस्थता कळत नाही, आणि थकलेला कुत्रा आपली नावड दाखवायचं सोडून देतो. सेशनआधी पंधरा-वीस मिनिटांचा रमतगमत फेरफटका पुरे. लघवी-शी उरकली पाहिजे, एवढाच त्याचा हेतू. पोट भरलेलं असताना मसाज नको, पूर्ण जेवण आणि सेशन यांत निदान दोन तास जाऊ द्या.

आदल्या दिवशी मानेवर टाकायचं पिसवा-गोचिडांचं औषध लावू नका. ते कातडीत मुरायला वेळ लागतो आणि थेरपिस्टचे हात नेमके तिथेच फिरणार असतात. आंघोळ घातली तर अंग पूर्ण वाळलेलं हवं. तेल लावून नेण्याची तर गरजच नाही, हे काम कोरड्या केसांवरच होतं. नखं मात्र आठवडाभर आधी कापून घ्या. वाढलेल्या नखांनी पंजा टेकण्याची पद्धतच बदलते आणि चाल पाहणाऱ्याची दिशाभूल होते.

घरी सराव न करणं, किंवा चुकीचा सराव करणं

खरी तयारी इथे आहे, आणि तिला निदान दोन आठवडे द्यायला हवेत. रोज दोन-तीन मिनिटं, बस.

आधी एक चादर किंवा पातळ गादी ठरवा. तीच पुढे सेशनला न्यायची, घराच्या वासासकट. ती अंथरली की काहीतरी चांगलं घडतं, एवढं त्याला कळू द्या. स्वतःहून येऊन बसला तर खाऊ, उठून गेला तर जाऊ द्या. बोलवायचं नाही, ओढायचं तर नाहीच.

मग स्पर्श. डोक्यावरून हात आणू नका. बहुतेक कुत्र्यांना छातीची बाजू किंवा खांदा सोपा जातो. तळहात सपाट ठेवून तीन सेकंद हलका फिरवा, मग हात उचला आणि थांबा. आता तो काय करतो ते पाहा. जवळ सरकला, अंग टेकवलं, हाताला नाक लावलं, तर पुन्हा तीन सेकंद. नुसता तसाच राहिला, तोंड वळवलं, उठला, तर आजचं झालं. कुत्र्याच्या लक्षात येतं की हात थांबवणं आपल्या हातात आहे. चिराग पटेल या प्रशिक्षकांचा "बकेट गेम" याच तत्त्वावर चालतो: कुत्रा खाऊच्या डब्याकडे पाहत राहिला तर हाताळणी सुरू, नजर हटवली की लगेच बंद. ज्याला पंजे किंवा कान हाताळून घेणं जमत नाही, त्याच्यासाठी तो फार उपयोगी पडतो.

आपल्याकडे "अंग चोरणं" म्हणतात ना, तेच शोधायचं असतं. हात खुब्याकडे गेला की कंबर किंचित खाली जाते किंवा पलीकडे झुकते. कातडी माशी बसल्यासारखी थरथरते. खाऊ समोर नसताना कुत्रा जिभल्या चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो. धापा टाकत असलेला कुत्रा अचानक तोंड मिटून स्तब्ध झाला, तर ती शांतता नव्हे, तिथे हात थांबलाच पाहिजे. याच्या उलट, अंग सैल सोडलं की ते लगेच कळतं: पापण्या जड होतात, जबडा सुटतो, एक लांब सुस्कारा येतो, मागचा पाय एका बाजूला घरंगळतो.

सरावात सगळ्यात वाईट चूक म्हणजे दुखरी जागा दाबून पाहणं. "तिथेच तर मसाज होणार आहे, सवय नको का?" नको. सवय होते ती स्पर्श म्हणजे दुखणं याची. मणक्यावर तर कधीच दाब देऊ नका. आणि व्हिडिओ पाहून अंगठ्याने गाठी फोडायला जाऊ नका. गाठ कसली आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

गुरगुरल्यावर रागावणं

हे मी कळकळीने सांगते. कुत्रा गुरगुरला की आपल्याला लाज वाटते, थेरपिस्टसमोर आपण "ए, गप!" म्हणतो. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. त्या वेळी हात काढायचा, अंतर द्यायचं, आणि कुठे हात असताना आवाज आला ते टिपून ठेवायचं. आधी कधी चावला असेल तर फोनवरच सांगा. मुसकं लागणार असेल तर जाळीचं घ्या, ज्यातून तो धापा टाकू शकेल आणि खाऊ घेऊ शकेल, आणि त्याची सवय काही आठवडे आधीपासून घरी लावा. सेशनच्या दारात पहिल्यांदा मुसकं चढवलं, तर त्या दिवशी मसाज होणारच नाही.

सेशनमध्ये खाऊ पूर्ण बंद ठेवा असं नाही. पण खाऊ सतत समोर असेल तर कुत्रा मसाजसाठी थांबलाय की खाऊसाठी, हे कोणालाच कळत नाही. शिवाय चघळताना जबड्याचे आणि मानेचे स्नायू सारखे हलत राहतात. आत येताना एक-दोन तुकडे, मध्ये विश्रांती घेतली की एक, संपल्यावर एक, इतपत ठीक. पट्टा आणि हार्नेस काढून ठेवा. तुम्ही शेजारी बसा, पण "काही नाही होत, काही नाही होत" असा जप नको. तुमचा श्वास शांत असला तर तेवढं त्याला पुरतं.

रिकाम्या हाताने जाणं

नव्या जागी कुत्रा वेगळा चालतो. लंगडणारे कित्येक कुत्रे तिथे ताठ चालून दाखवतात. म्हणून घरचे व्हिडिओ न्या. फोन कुत्र्याच्या उंचीवर धरा, उभं राहून वरून काढलेल्या व्हिडिओत काही दिसत नाही. बाजूने, समोरून येताना, पाठमोरा जाताना, आधी सावकाश आणि मग दुडक्या चालीने. झोपेतून उठतानाचा व्हिडिओ तर सोन्यासारखा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली. डोळ्याला हे पटकन सापडत नाही, व्हिडिओ संथ केला की दिसतं. जिने चढताना थांबणं, अंग झटकताना मध्येच सोडून देणं, एकाच जागी सारखं चाटणं, हेही लिहून न्या.

तरीही अडलंच तर

आडवा होत नाही? उभ्यानेच होऊ द्या. कोपर किंवा खुबा दुखणाऱ्याला आडवं होणंच जड जातं. खालची फरशी गुळगुळीत असेल तर पाय घसरू नयेत म्हणून तो सगळं अंग ताठ धरतो, तिथे घट्ट बसणारी चटई टाका. दर पाच मिनिटांनी उठून फिरतो? फिरू द्या, परत आला तर पुढे चालू. आलाच नाही तर सेशन तिथे संपलं. पहिल्या वेळी दहा मिनिटंच काम झालं तरी ते वाया जात नाही. झिपरीचं दुसरं सेशन असंच तुकड्यातुकड्यांनी झालं. तिसऱ्या वेळी ती गादीवर गेली, वळली, आणि डावा खुबा थेरपिस्टच्या हाताखाली आणून ठेवला.

घरी आल्यावर तहान लागते, झोप लागते, कधी एक-दोन दिवस चाल जरा जड वाटते. 24 तास चेंडू, उड्या, जिने आणि इतर कुत्र्यांबरोबरची मस्ती बंद. पट्ट्याने सावकाश फिरवणं चालू ठेवा. छान मोकळा चालतोय म्हणून त्याच संध्याकाळी धावू दिलं, तर कमावलेलं सगळं जातं.

जडपणा 48 तासांपुढे टिकला किंवा लंगडणं वाढलं तर थेरपिस्टना कळवा, पुढच्या वेळी दाब आणि वेळ दोन्ही कमी करता येतात. दोन-तीन सेशननंतरही काहीच फरक नसेल तर चौथ्याचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांकडे परत जा, कदाचित निदानच अपुरं आहे. आणि मागचे पाय अचानक लुळे पडले, पंजा उलटा टेकायला लागला, लघवी अडली किंवा आपोआप व्हायला लागली, तर ते मसाजनंतरचं दुखणं समजून वाट पाहू नका. त्याच तासाला डॉक्टरांकडे न्या, गाडीत सपाट फळीवर आडवं ठेवून, कणा न वाकवता.