डेटाबेसमध्ये वेळ साठवताना कॉलमचा प्रकार कसा निवडावा

रावेर-सावद्याकडून केळीची गाडी पहाटे 3 वाजता भरून निघते आणि रिपोर्टमध्ये आदल्या दिवसाच्या मालात धरली जाते. अशा वेळी नोंद करणाऱ्यावर डाफरण्याआधी टेबल उघडून बघा. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात. आपले पहाटेचे 3 म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ.

सुरुवातीला प्रत्येक कॉलमपुढे थांबून ठरवा, ही घडून गेलेली गोष्ट, नुसती तारीख, की पुढची ठरलेली वेळ?

गाडी सुटली, पैसे जमा झाले, अशा घडलेल्या गोष्टींसाठी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'टाइमस्टँप विथ टाइम झोन' घ्या. नाव जरा फसवे आहे. त्यात झोन (कोणत्या भागाची प्रमाणवेळ, ते) साठत नाही; वेळ यूटीसीत बदलून ठेवली जाते आणि वाचणाऱ्याच्या सेशनच्या, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या, झोनप्रमाणे दिसते. जागा साध्या टाइमस्टँपइतकीच लागते, 8 बाइट. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा टाइमस्टँपही यूटीसीत बदलतो, पण तो 19 जानेवारी 2038 पर्यंतच पुरतो. त्यापुढचे हवे तर डेटटाइम वापरा आणि त्यात यूटीसीच लिहायचे, हे सगळ्यांनी पाळा.

जन्मतारीख, लागवडीची तारीख यांना साधा 'डेट' पुरे. तिथे झोन घुसवलात तर तारीखच सरकते.

पुढच्या वेळांचे मात्र वेगळे. खरेदीदार इराणचा असेल आणि भेट तिथल्या सकाळी 10 ला ठरली असेल, तर स्थानिक वेळ आणि 'एशिया/तेहरान' हे झोनचे नाव, असे दोन कॉलम ठेवा. इराणने 2022 मध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणे बंद केले. आधीच यूटीसीत बदलून ठेवलेल्या पुढच्या उन्हाळ्यांच्या वेळा त्यामुळे तासाभराने चुकल्या असत्या.

आपला झोनही 'एशिया/कोलकाता' असाच पूर्ण लिहा. 'आयएसटी' हे भारतीय प्रमाणवेळेसारखेच इस्रायलच्या प्रमाणवेळेचेही लघुरूप आहे, आणि पोस्टग्रेसच्या लघुरूपांच्या मूळ यादीत इस्रायलचाच अर्थ धरलेला आहे.

दिवसवार बेरीज करताना आधी वेळ भारतीय झोनमध्ये आणा, मग तारीख काढा. हा क्रम उलटला की कॉलम बरोबर असूनही पहाटेच्या गाड्या आदल्या दिवसात जातात.

जुना साधा टाइमस्टँपचा कॉलम 'टाइमस्टँप विथ टाइम झोन'मध्ये बदलताना बॅकअप घ्या आणि आतली वेळ कोणत्या झोनची आहे ते 'ॲट टाइम झोन'ने स्पष्ट सांगा. न सांगितल्यास पोस्टग्रेस त्या क्षणीच्या सेशनचा झोन धरतो, आणि सर्व्हर यूटीसीवर असेल तर भारतीय वेळेत लिहिलेली प्रत्येक जुनी नोंद साडेपाच तासांनी पुढे ढकलली जाते.